बोअर नंबर तीनची पेटी

निजामपुरा, भिवंडी
शुक्रवार, १० मार्च १९७८

प्रिय सावळाराम,

वज्रेश्वरी काही परमुलखात नाही. एसटीत बसलो तर तासा-सव्वातासात तुझ्या दुकानासमोर उतरेन. दोनदा स्टँडपर्यंत आलोही, आणि दोन्ही वेळा चहा पिऊन परत फिरलो. आज लूम बंद, म्हणून कागद घेऊन बसलोय. अक्षर वाकडं दिसेल, बारा तासांची शिफ्ट करून बोटं पेन धरायला कुरकुरतात. कानांचंही तेच. बायको, ठकुबाई, एकदा सांगते, मग ओरडून सांगते, मग नाद सोडते. दमलोय रे, खरंच दमलोय. पण आज लिहायचंय ते या दमण्याहून जुनं आहे.

लोणारच्या तळ्याचा वास पहिल्या दिवशी नाकात गेला, तेव्हा तू म्हणालास, “यापरीस आपली खाडी बरी हाय.” बोअरिंगच्या टोळीत ठाण्याकडचे आपण दोघंच. बाकीचे आपल्या बोलण्याला हसायचे. मी मशीनवर, तू रजिस्टरवर. पाइपातून दगडाची कांडी बाहेर आली की तू टेप लावायचास, किती फुटांवर काय लागलं ते तिथंच उभ्याने लिहायचास, मग कांडी पेटीच्या खणात ओळीने ठेवायचास. भूगर्भवाले साहेब सांगायचे, हा खड्डा आभाळातून पडलेल्या दगडाने पाडलाय. चंद्रावरचे खड्डेही असेच, अशाच काळ्या पाषाणातले. तिथं कोण खणायला जाणार, म्हणून इथं खणायचं. तू ते तोंड उघडं टाकून ऐकायचास. मला वाटायचं, पगार मिळतोय ना, मग चंद्र असो की आपल्याकडची चिंचोटी.

बोअर नंबर तीन खड्ड्याच्या काठाबाहेरच्या शेतात होतं. काम आटोपून तू डिझेल आणायला मेहकरला गेलास, आणि कांड्यांवर रंगाने नंबर टाकायचं तुझं काम राहिलं. पेटी तंबूत न्यावी म्हणून मी उचलली, पाय मुरगळला, आणि सगळ्या कांड्या जमिनीवर. रजिस्टर तुझ्या ट्रंकेत कुलपात. तू येईपर्यंत थांबायचं होतं. पण मी दिघाशीच्या विहिरी खणणाऱ्यांच्या घरातला. आज्यापासून आम्हांला एकच ठाऊक, वर माती, मग मुरूम, खाली कातळ. मशीनच्या आवाजात कुठली कांडी कधी आली इकडे माझं लक्षच नसायचं. मला शहाणपण सुचलं. विहिरीत असतं तसं सगळं लावलं आणि नंबरही मीच टाकले. पेटी पडल्याचं तुला सांगायची लाज वाटली. काम वाचवलं म्हणून पेटी न उघडताच उलट तूच मला चहा पाजलास.

आठवड्याने साहेबांनी पेटी आणि रजिस्टर शेजारी ठेवलं. पेटीत माती सगळ्यात वर. तुझ्या रजिस्टरात वर फुटका कातळ आणि मातीचा थर चौदा फुटांवर. हा माणूस सावलीत बसून मनाला येईल ते आकडे लिहितो, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. तू हात जोडून एवढंच म्हणत राहिलास, “साहेब, पाह्यलं तेच लिवलंय.” मी तुझ्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. तोंड उघडलं असतं तर माझी नोकरी गेली असती. नाही उघडलं, तर तुझी गेली. दुसऱ्या दिवशी तुझी ट्रंक मीच गाडीवर चढवली.

तू गेल्यावर महिन्याभराने पाचव्या बोअरलाही तसंच लागलं, वर फुटका कातळ, खाली माती. साहेब लहान पोरासारखे खूश झाले. मग त्यांनी समजावलं. तो दगड आदळला तेव्हा खालचा कातळ फुटून उसळला आणि काठाबाहेरच्या जमिनीवर जाऊन पडला, म्हणून जुनी जमीन त्याच्याखाली दबून राहिली. ते हेच शोधत होते, सावळाराम. तू ते आधीच शोधून लिहून ठेवलं होतंस, आणि मी ते माझ्या अकलेने सरळ करून टाकलं. साहेब हळूच म्हणालेसुद्धा, त्या माणसाचं रजिस्टर खरं होतं की काय? मी खाली मान घालून नट आवळत बसलो. आवळलेलाच नट पुन्हा आवळत होतो.

हे मी मरेपर्यंत पोटात ठेवलं असतं, इतका भेकड आहे. पण गेल्या रविवारी तुझा राघो आमच्या मैनेला पाहायला आला. पोहे देताना मी सहज विचारलं, निघताना बाबा काय म्हणाले? तो म्हणाला, “बाबा बोलले, अनंताच्या घरी चौकशी करू नको. तो मानूस खोटं बोलायचा न्हाय.” बशी तशीच घेऊन मी आत निघून गेलो. मैनेला तो आवडलाय. ठकुबाई सुपारी फोडायचा दिवस विचारतेय. काल मी दोघींना सगळं सांगितलं. ठकुबाईने बोलणं टाकलंय. मैना म्हणाली, पत्र टाका, मी थांबते. साहेबांनाही आजच लिहिलंय, माझ्या नावानिशी. ते पत्र त्यांना पोचेल न पोचेल, तुला हे पोचलं पाहिजे. राघोला वाचून दाखव, तुझी नोकरी का गेली हे त्याला कळू दे. मग तुम्ही काय ते ठरवा. तुझा नकार मला मान्य आहे. फक्त तो मला दे, माझ्या चुकीपायी पोरीला देऊ नकोस.

अजून म्हणू देशील तर,
तुझाच
अनंता