ओट्यावरचा विसावा

२ फेब्रुवारी

पोचले एकदाची. बॅगा अजून उघडल्या नाहीत, पण खिडकी उघडली आणि खिडकीतून आख्खा बाजार दिसला. म्हणजे आता बाजार कसला, नुसती इमारत. लोखंडी कैच्यांवर तोललेलं उंचच उंच छप्पर, त्यात काचेच्या पट्ट्या, त्यांतून उतरणारा दुधी उजेड आणि खाली ओळीने दगडी ओटे. कित्येक पिढ्या इथे भाजी, फळं, मासळी विकली गेली. मग गावाबाहेर नवा बाजार झाला आणि ही जागा कबुतरांच्या वाट्याला आली. आता चित्रकार, शिल्पकार, मातीकाम करणारे अशा मंडळींसाठी इथे स्टुडिओ काढायचे आहेत. मधल्या भिंती, वीज, पाणी, गिलावा. देखरेख माझी.

राहायची खोली मुख्य दरवाज्याच्या कमानीवर, जुन्या बाजार-कचेरीत. पलंग, टेबल, नळ. नळाला पाणीसुद्धा येतं! ठेकेदार ओशाळून म्हणाला, बाई, तुमची जरा गैरसोय होईल. मी मनात म्हटलं, बाबा रे, इथे मला झोपेतून कुणी हाक मारून उठवणार नाही. यापेक्षा मोठी सोय कुठली?

आईला झटका आल्यापासून पाच वर्षं तिचं सगळं मीच केलं. कूस बदलणं, अंघोळ, औषधं, खुर्चीत बसवणं, खुर्चीतून उतरवणं. तिचे शब्द तोंडातच विरघळतात. खिडकी म्हणाली काय आणि गुडघा म्हणाली काय, दुसऱ्याला सारखंच ऐकू येतं. मला कळतं. डॉक्टरसुद्धा तिला विचारायचे आणि उत्तरासाठी माझ्याकडे बघायचे. शेवटी धाकट्या बहिणीनेच हट्ट धरला आणि आईला स्वतःकडे नेलं. ताई, तू आधी माणसात ये, म्हणाली. तर आले आहे माणसात. पाठ दुखतेय, पण खुशीत दुखतेय.

५ फेब्रुवारी

कामाला सुरुवात झाली. मधले ओटे काढायचे, भिंतीलगतचे ठेवायचे. आर्किटेक्टचं म्हणणं, प्रत्येक स्टुडिओत जुना एक ओटा राहिला तर जागेचा आब राहील. खरंच सुंदर आहेत. बसून बसून दगडात खळगे पडलेत, आणि खळगे इतके नेमके की बघूनच बसावंसं वाटतं.

मिस्त्री वयस्क आहे, भुवयांत चुना अडकलेला. गिलावा करताना गुणगुणतो आणि कुणी मध्ये बोललं की चिडतो. पहिली स्टुडिओवाली बाई, दारं बसायच्या आधीच हजर झाली. मातीकाम करणाऱ्या बाई. स्वतःचं चाक टेम्पोतून घेऊन आल्या, उतरवताना हमालांना शिव्या घातल्या आणि मग सगळ्यांना चहा पाजला. मातीलाही शिव्या देतात. मला त्या फार आवडल्या.

संध्याकाळी फोन. आई काहीतरी म्हणाली. धाकटी म्हणे, सकाळपासून हेच चाललंय, तुला कळतंय का? मी म्हटलं, अगं, पायावरचं पांघरूण काढ म्हणतेय. काढलं. आई गप्प झाली. धाकटी हसली आणि मग रडली.

११ फेब्रुवारी

अजून थकवा जात नाही. झोपते, तरी जात नाही. हाडांत मुरलाय.

आज एक गंमतच झाली. जेवणाच्या सुट्टीनंतर मिस्त्री दिसेना. शोधलं तर भिंतीलगतच्या ओट्यावर मांडी घालून बसलेला. समोर थापी, रंधा, ओळंबा, गुण्या, सगळी हत्यारं पुसून ओळीने मांडलेली, भाजी मांडावी तशी. डोळे उघडे. हाका मारल्या तरी ओ नाही. खांदा हलवला तेव्हा उठला आणि लाजून म्हणाला, बाई, गिऱ्हाईक होतं हो समोर, मध्येच कसं उठू?

सगळे खो खो हसले. मीही.

१२ फेब्रुवारी

मिस्त्री आज तरण्यासारखा आला. कंबर धरून चालणारा माणूस, जिने पळत चढला. काल घरी गेल्यावर नातवंडांना पाठीवर घेऊन फिरवलं म्हणे. त्याला म्हटलं, औषध सांगा आम्हालाही. हसला.

दुपारी हातात थापी घेऊन भिंतीसमोर उभा होता. बराच वेळ. मी जवळ गेले तर मला विचारलं, हे कसं धरायचं असतं?

थट्टा वाटली. मग त्याचं तोंड बघितलं. थट्टा नव्हती. गिलाव्याच्या मालाचा गोळा थापीवर घेतला, तो पायावर पडला. पुन्हा घेतला, पुन्हा पडला. उभा जन्म गिलाव्यात गेलेला माणूस. आणि दुःख नाही, भीती नाही. नुसता अचंबा. ठेकेदाराने त्याला डॉक्टरकडे पाठवलं. उन्हाचा त्रास, म्हणाला. आत ऊन कुठे आहे?

१४ फेब्रुवारी

डॉक्टरला मिस्त्रीत काहीच सापडलं नाही. बायको-मुलं ओळखतो, हिशेब येतो, गाणंसुद्धा आठवतं. फक्त काम गेलं. घरी मजेत आहे म्हणे. बायको रडतेय.

नवा मिस्त्री शोधा. पाइपांची ऑर्डर चुकली. कबुतरांनी ओल्या भिंतीवर सही केली. माझे पाय सुजलेत.

१७ फेब्रुवारी

दुपारी नकाशा उलगडायला जागा हवी होती म्हणून मी भिंतीलगतच्या ओट्यावर टेकले. टेकलेच फक्त.

ओल्या गोणपाटाचा वास आला. समोरचा उजेड कमी झाला, कुणी येऊन उभं राहावं तसा. वर बघायचं होतं, मान उचलेना. मग दंडावर अंगठा. टोमॅटो दाबून बघतात ना, तसा हलकेच दाबला. एकदा, पुन्हा एकदा. मला भीती वाटायला हवी होती. वाटलं ते असं, की चला, कुणीतरी घेतंय.

उठले तेव्हा अंग पिसासारखं होतं. खरं सांगते, पाच वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. सगळे जिने धुऊन काढले असते मी.

१८ फेब्रुवारी

धाकटीला फोन केला. म्हटलं, आईला घेऊन इकडे ये, तळमजल्यावरचा एक स्टुडिओ तयार झालाय, चार दिवस राहा, मी बघते तिचं सगळं, तू झोप. धाकटी म्हणाली, ताई, तुझा आवाज किती वेगळा येतोय. ठरलं.

मग आईने फोन घेतला. काहीतरी बोलली. मी म्हटलं, पुन्हा बोल. पुन्हा बोलली. तिसऱ्यांदाही बोलली.

लाइन खराब असावी.

२० फेब्रुवारी

मातीकामवाल्या बाई आज चाकापुढे उभ्या होत्या. मातीचा गोळा दोन्ही हातांत, अंगापासून लांब धरलेला, दुसऱ्याचं मूल धरावं तसा. म्हणाल्या, काल पाठ भरून आली म्हणून त्या ओट्यावर जरा बसले. आता पाठ अजिबात दुखत नाही. आणि हे काय करायचं असतं तेही आठवत नाही. हसत होत्या. एकही शिवी नाही.

मी तडक वर गेले. खोलीत येऊन दार लावलं. आईला खुर्चीतून पलंगावर कसं घ्यायचं, ते मनात करून पाहिलं. आधी कुठला हात? काखेतून की कमरेखालून? तिचा दुखरा गुडघा डावा की उजवा? गोळ्या कुठल्या? कुठल्या वेळी?

काही नाही. स्वच्छ. पुसलेल्या पाटीसारखं.

थकवा एकटा जात नाही. ज्याने थकलो, ते बरोबर घेऊन जातो.

आणि आज मला माझ्या आईचं बोलणं कळत नाही. आता ते फक्त धाकटीला, इतक्या दिवसांत शिकली तेवढं, थोडं थोडं कळतं.

२१ फेब्रुवारी

ठेकेदाराला सांगितलं, भिंतीलगतचे सगळे ओटे फोडा. तो म्हणाला, आर्किटेक्टची परवानगी आणा. आर्किटेक्ट परगावी. मीच घण उचलला. दोन घाव घातले. दगडाला ओरखडा नाही. तिसऱ्या घावाला हात भरून आले आणि वाटलं, क्षणभर टेकावं. खळग्याकडे बघत होते मी. घण टाकून बाहेर पळाले.

धाकटीला फोन लावतेय. येऊ नका सांगायचंय. बंद लागतो.

२२ फेब्रुवारी

आल्या. मी त्यांना बाजारात पाऊलही टाकू दिलं नाही. रस्त्यापलीकडच्या लॉजवर खोली घेतली. धाकटी ओळखू येत नाही. डोळ्यांखाली काळं, केस विंचरलेले नाहीत, बोलता बोलता डोळे मिटतात. इतक्या थोड्या दिवसांत. मी अशीच दिसत असेन.

आईने मला बघून तोंड भरून काहीतरी म्हटलं. मी मान हलवली. तिने माझ्याकडे टक लावून बघितलं. तिला समजलं. मला समजत नाही, हे तिला समजलं. तोंड फिरवलं.

धाकटीला सगळं सांगितलं. हसली बिचारी. म्हणाली, ताई, बसल्यावर थकवा जातो असा दगड असेल, तर आधी मला दाखव.

ओरडले तिच्यावर. उद्या सकाळीच तिघी निघायचं. नोकरी गेली खड्ड्यात.

२३ फेब्रुवारी, सकाळ

गाडी सांगितलीय, दुपारी येईल. सामान भरायला खोलीवर आले आहे. बजावून आलेय, लॉजबाहेर पडू नका.

दुपार

खिडकीतून दिसलं. आईची चाकांची खुर्ची. भिंतीलगतच्या ओट्यांजवळ —

पळत गेले. धाकटी ओट्यावर बसलेली, हात मांडीवर. डोळे उघडे. लॉजच्या खोलीत आईचा जीव गुदमरत होता, इथे गार वाटलं म्हणून आणलं — हे तिने नंतर सांगितलं. उठल्यावर. हसत. ताजीतवानी. गालांवर रंग.

म्हणाली, ताई, आई काय म्हणतेय गं? मला कळेना झालंय.

मलाही नाही. आता कुणालाच —

तिथेच, थोड्या वेळाने

आई बोलतेय. एकच बोलतेय, पुन्हा पुन्हा. आ-ऊ-अव. आ-ऊ-अव. पाणी दिलं. नको. पांघरूण काढलं. नको. गोळ्यांची पिशवी पुढे केली. चांगल्या हाताने ढकलली.

तोच हात ओट्याकडे.

मी नाही म्हटलं. आईसमोर आडवी उभी राहिले. धाकटीला गाडीवाल्याला बघायला पाठवलं, आणि मीही वळले दाराकडे, क्षणभर, गाडीचा हॉर्न ऐकू आला म्हणून —

आई खुर्चीतून घसरली. पडली नाही. स्वतःच्या बळावर, एका हाताने, ओट्यावर. पाच वर्षांत एकटी कधी हललेली नाही. खळग्यात नीट बसली. तिच्या मापाचा असल्यासारखा.

आई कशाने थकलीय ते मला माहीत आहे. तिचं काम एकच उरलंय. श्वास घेणं.

उचलायला गेले. कुठे धरू? काखेत हात घातला, ती कण्हली. कमरेत घातला, सुटला. हे मला येत होतं. रोज करत होते. धाकटीलाही आता — हाका मारतेय. बाजारात कुणी नाही, कामगार जेवायला गेलेत. धाकटी परत आली, बघितलं आणि माणसं आणायला गेलीय. धावत गेलीय, किती छान धावते.

आईला टेकू हवा. एकटी बसली तर — म्हणून मी शेजारी. मला बसायचं नव्हतं. एका हाताने तिचा हात धरलाय. दुसऱ्याने लिहितेय. लिहीत राहिले तर जागी राहीन. लिहीत राहिले तर मी विकायला बसलेली नाही, मी काम करतेय, असं त्याला —

गोणपाट. ओला.

वहीवर सावली.

आईकडे वाकलंय. तिचा दंड — नको. इकडे. इकडे बघ. माझ्याकडे ये, मी पण थकलेय, माझ्याकडे जास्त आहे —

वळलं.

अंगठा. खूप भीती वाटतेय. इतकी भीती की त्यानेच दमायला झालंय. आई श्वास घेतेय. घेतेय. मोठा. आता लहान. हात सोडणार नाही. धाकटी येईपर्यंत हात सोडणार

हं.

बरं वाटतंय.

भीती गेली. सगळीच. उजेड छान उतरलाय. शेजारी एक म्हातारी बाई आहेत, हळूहळू श्वास घेताहेत. काहीतरी म्हणताहेत. माझी बोटं दुखताहेत. कळत नाही, मी यांचा हात इतका घट्ट का