तिसऱ्या तळ्याचं पाणी

ती. आईस,
हिमाचलातून कोमलचा नमस्कार.

आम्ही दोघं बरी आहोत. गाडीतच बिछाना, गाडीतच चूल. सकाळी पेजही होते.

काल दिवसभर चालून डोंगरातली तीन तळी पाहिली. तिसऱ्याचं पाणी आपल्या बंद खाणीतल्यासारखं हिरवंगार. माझे पाय तिथेच थांबले. तेवढ्यात तुझ्या जावयाने उडी मारली आणि कितीतरी वेळ वर आलाच नाही. हसत बाहेर आला तेव्हा मी सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत मारली.

तुझी कंबर कशी आहे?

प्रथमेश खाणीत बुडाला त्या दिवशी मी ओलीचिंब घरी आले आणि बाबांनी मला मारलं होतं. भाऊ गेला, ही कशी उरली, म्हणून मारलं, असं मी इतकी वर्षं मनात धरून होते. तसं नव्हतं, हे मला काल कळलं, एवढं बाबांना सांग.

तुझी,
कोमल