पडद्यावर न आलेली माफी

लंबासा, ३ जून १९९८

चि. राजनीलला दीदीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या चित्रपटाच्या कच्च्या प्रतीची कॅसेट पोचली. आईला तू 'जाहिराती करतो' असं सांगितलं होतंस. यात चार खून आहेत. तिला अजून दाखवली नाही.

आधी गुण. संस्कृत शिकवणाऱ्या बाईनं दोषापासून आरंभ करू नये. साखर कारखान्याच्या धुरातला पाठलाग बघताना माझा चहा गार झाला. सार्जंट तर हुबेहूब आपले बाबूजी, पोलीस चौकीतून आल्यावर टोपी काढून मांडीवर ठेवण्याची तीच लकब. रविवारी थिएटरात आपण त्यांच्या दोन बाजूंना बसायचो, मधे वाटाण्यांची पुडी. पडद्यावरचा पोलीस चुकला की ते पुटपुटायचे, "बदली होईल याची."

आता दोष. रौद्ररस इतका सांडलायस की तिसऱ्या खुनानंतर मला भूक लागली. ते क्षम्य. पण तुझा सार्जंट कोठडीत निरपराध माणसाला बेदम मारहाण करतो आणि सरळ निघून जातो. ही बाबूजींच्या हातून मार खाल्लेल्या सेवानायाची हकिगत, लंबासात कोणीही ओळखेल. तू तेव्हा चार वर्षांचा होतास. बाबूजी इथल्या मूळ बेटवासीयांच्या रिवाजाप्रमाणे, कुटून पितात त्या यंगोनाच्या मुळ्यांची जुडी घेऊन त्याच्या गावी रीतसर माफी मागायला गेले होते. जुडी मीच बांधून दिली होती. तो प्रसंग घाल, नाहीतर इथे लोकांच्या आठवणीत तुझाच सार्जंट उरेल.

लोभ आहे, या पत्रानंतरही उरला तर कळव.
दीदी

सुवा, २१ जून १९९८

ती. दीदीस सा. न.

आधी चिडलो. मग तुला न कळवता लंबासाला येऊन गेलो. सेवानायांना न विचारता तो प्रसंग घेणं बरं दिसेना. त्यांचा एक खांदा अजून वर होत नाही. चटईवर मुळ्या ठेवल्या आणि बाबूजींचं नाव सांगितलं.

ते म्हणाले, त्या वेळी बाबूजी दिवसभर अंगणात उन्हात बसून होते. "जुडीला हात लावला की माफ केलं असं होतं. मी लावला नाही. जाताना त्यानं ती नदीत सोडली."

बाबूजी हे आपल्याला मरेपर्यंत कधीच बोलले नाहीत, दीदी.

मग सेवानाया पुढे सरकले आणि त्यांनी माझ्या जुडीवर हात ठेवला. "हे तुझ्या बापासाठी. सिनेमात नको घालूस. तेव्हा मी त्याला तसंच बसू दिलं, ते पुन्हा बघवणार नाही."

तेव्हा तू काढलेला दोष अचूक आहे, आणि मी तो चित्रपटात तसाच ठेवतोय. आईला चित्रपट शेवटपर्यंत बघू दे. मग हे पत्र वाचून दाखव.

मायेत कमी करू नकोस.
तुझा राजनील