खिशातले हात

प्रिय शेंबड्या,

विद्यापीठात तुला सगळे ‘सर’ म्हणतात, ठाऊक आहे मला. पण आईच्या हातांच्या खुणांत तुझं नाव अजून तेच आहे: मनगटाने नाक पुसायचं, की झालास तू. लहानपणी तुझं नाक कधी कोरडं म्हणून नसायचंच, त्याला ती बिचारी काय करणार? माझं नाव म्हणजे कपाळावर आठी आणि कमरेवर हात. तेही तिने उगीच ठेवलेलं नाही. तर त्यातला एक हात कमरेवरून काढून हे पत्र लिहिते आहे, एवढं लक्षात घे आणि शेवटपर्यंत वाच. फोनवर तू ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणून सुटतोस. कागदावर तसं सुटता येत नाही.

तुमच्या विद्यापीठाच्या अंकातला तुझा लेख वाचला. वर्गात शब्द किती बोलतो आणि शरीर किती बोलतं, यावर नव्या प्राध्यापकांना चार गोष्टी सांगितल्या आहेस. फळ्याशी बोलू नका. विद्यार्थी अर्धं कानाने ऐकतो आणि अर्धं डोळ्याने. खिसा रुमालासाठी असतो, हातांसाठी नाही. झकास लिहिलंस, मान्य. पण हे सगळं कुठे शिकलास, तर म्हणे परदेशातल्या एका प्रशिक्षणात! वाचून आधी हसू आलं, मग डोकं फिरलं. अरे, तुझी जीभ सुटायच्या आधी तुझे हात सुटले होते. पाणी हवं, पोट दुखतंय, ताईने मारलं, सगळं तू आईला हातांनीच सांगायचास, आणि त्यातलं निम्मं धादांत खोटं असायचं. ऐकू येणाऱ्या आयांची मुलं भोकाड पसरून काम साधतात. आपल्याला ती सोय नव्हती. समोर उभं राहून, तिच्या डोळ्यांत बघून नीट सांगावं लागायचं. तुझं प्रशिक्षण ते. प्रमाणपत्र तेवढं मिळालं नाही.

लेखासोबत तुझा फोटो होता. तू वर्गात उभा, दोन्ही हात दोन बाजूंनी जवळ आणलेले, डोंगर कसे वर आले ते दाखवतोयस. आईने फोटो खिडकीशी नेला, डोळ्यांजवळ धरला आणि मला खूण केली, की हा चादर घडी करतोय. बरोबरच होतं तिचं. हॉस्पिटलच्या धुलाईखोलीत ती जन्मभर चादरींच्या घड्या घालत आली. शाळा सुटली की आपण दुसरं टोक धरायला जायचो. तू नेमका लवकर पुढे धावायचास, चादर मधेच फुगून वर यायची आणि आई आवाज न करता हसायची. तुझे डोंगर तिथेच जन्मले. तिला ते एका फोटोवरून कळलं, आणि तेव्हापासून तिने एकच हट्ट धरला: डोळे आहेत तोवर मला त्याला शिकवताना बघायचंय. कान तापात गेले, आता डोळ्यांची पाळी. डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुला कळवलं होतंच. लांबचं आधी जातंय, अंधार जवळ जवळ येतोय आणि त्याला औषध नाही.

म्हणून मी तिला तुझ्या जाहीर व्याख्यानाला आणलं. ठेवणीतले कपडे काय, केस दोनदा विंचरणं काय, लग्नघर बरं! नीट दिसावं म्हणून दुसऱ्या रांगेत बसलो. तू आलास, तुला आई दिसली, आणि तिने सगळ्या सभागृहात हात उंच करून मनगटाने नाक पुसलं. तुला हाक मारली रे तिने. मग विचारलं, जेवलास का? मागची पोरं फिस्सकन हसली. हसू देत, पोरंच ती. पण तू काय केलंस? तू दोन्ही हात खिशात घातलेस. तासभर बोललास, डोंगरांवर बोललास, आणि हात खिशातून एकदाही बाहेर आले नाहीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई तुझ्या खिशांकडे बघत बसली होती.

संपल्यावर तू माझ्याजवळ आलास आणि तिच्याकडे पाठ करून, तिला ओठ दिसू नयेत म्हणून, मला विचारलंस की हिला आणायची काय गरज होती. पाठसुद्धा बोलते, हे तूच शिकवतोस ना नव्या लोकांना? ऐकू येणाऱ्यांपासून गोष्टी लपवता येतात. तिच्यापासून कधी काही लपलंय का? आपण दोघांनी किती प्रयत्न केले, आठव.

परतताना बसमध्ये तिने मला विचारलं, तिथे फार थंडी होती का. मी म्हटलं, हो, गार हवेचं यंत्र लावलेलं होतं. त्यावर तिने मान हलवली आणि शेजारच्या बाईंना, ज्यांना तिच्या खुणा काही कळत नव्हत्या, ती अभिमानाने सांगत राहिली की माझा मुलगा डोंगर शिकवतो. मला तुझा इतका राग आला की आमचा थांबा आला कधी आणि गेला कधी, कळलंच नाही.

मी तुला लिहिणारच नव्हते. मरू दे मेल्याला, म्हणून इतके महिने गप्प बसले होते. पण आज सकाळी आईने मला खिडकीशी बसवलं आणि तुला निरोप लिहायला लावला. थंडीचं तिने नाव काढलं नाही. ती म्हणते, चूक माझी झाली, मी पुढे बसायला नको होतं. पुढच्या वेळी मी शेवटच्या रांगेत, अगदी कोपऱ्यात बसेन, हात मांडीखाली दाबून ठेवेन, कुणाला कळणारही नाही मी कोण ते. त्याला म्हणावं, तू फक्त हात बाहेर काढ. निरोप तिचा, शब्द न् शब्द पोचवला. आता माझं ऐक. हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, खिडकीच्या गजाकडे बघत होती आणि तिला वाटत होतं मी तिथे आहे. शेवटची रांग तिच्यासाठी कधीच संपली रे. आता हातभर अंतरावर येऊन बसशील, तरच तिला तुझे हात दिसतील.

तुझीच,
कमरेवर हातवाली ताई