तक्त्यातली शेवटची ओळ

मंगळवार, संध्याकाळ

शीतलने बंगळुरूहून वर्षभराच्या कामांचा तक्ता पाठवला. घर बदलणं, नातीची परीक्षा, ऑफिसचा नवा प्रोजेक्ट. कुठलं काम कशावर अडतं, सगळं रंगवून. "आई, तू ओझरच्या कारखान्यात जन्मभर प्लॅनिंग केलंस. जरा तपासून दे."

तपासलं. 'नाशिकला आईकडे' ही शेवटची ओळ. आधीच्या तक्त्यांत ती फेब्रुवारीत होती, मग मेमध्ये, आता दिवाळीनंतर.

फोन केला. "ही ओळ सारखी का सरकते गं?"

"अगं, तिच्यावर दुसरं काही अडत नाही ना! असं काम पुढे ढकलता येतं. तूच शिकवलंयस." वर हसलीही.

शिकवलं होतं खरं, तिच्या बारावीच्या अभ्यासासाठी. पण आई म्हणजे काय गोदामातला सुटा भाग, सवडीने उचलायला? म्हणे शेवटची ओळ! दोन वर्षं झाली लेकीचं तोंड बघून. शाळेत कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला खरं बोलायला शिकवलं, मागायला नाही.

"माझं अडतं," एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं काय, तर "तक्ता बरोबर आहे. घर बदलायला मात्र आठवडा जास्त धर, सामान वेळेत लागत नाही."

तिने लगेच धरला. माझी ओळ आणखी आठवडाभर पुढे गेली.