चंदनबाईंची सकाळ कुणाला द्यावी

मी, बेबीनंदा रामराव तांगडे, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त चित्रकला शिक्षिका, मूळ गाव जांब समर्थ, हल्ली राहणार मस्तगड, जालना, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कुणाचा दाब नाही. घाई आहे, पण ती माझी नाही, दिवसांची आहे. अलीकडे संक्रांतीचा तिळगूळ संपत नाही तोच पोळा येतो.

१. मस्तगडातलं माझं माडीवरचं दोन खोल्यांचं घर माझ्या स्वकष्टाचं आहे. ते, आणि बँकेत जे काही असेल ते, माझी भाची तृप्ती हिला द्यावं. तिचे वडील, म्हणजे माझा भाऊ कल्याण, याला त्यात हिस्सा नाही. मी नोकरीला लागले तेव्हा तो म्हणाला होता, "रेघोट्या मारून कुणाचं भलं झालंय का?" तो विसरला असेल, मी विसरले नाही. तरी गावच्या जमिनीतला माझा हिस्सा त्यालाच राहू द्यावा. जमीन त्याने राखली, मी कधी बांधावरही गेले नाही.

२. रंग, कुंचले आणि कोरे कॅनव्हास माझ्या जुन्या शाळेतल्या मुलींना वाटावेत. कपाटात कुलूप लावून ठेवू नयेत.

३. आता ज्यासाठी हा कागद करायला बसले, ते.

पंचवीसएक वर्षांपूर्वी नवीन जालन्यातले बियाण्यांचे व्यापारी सुरजमल संचेती यांनी आपल्या आईचं, चंदनबाईंचं, तैलचित्र माझ्याकडून काढून घेतलं. चंदनबाई राजस्थानातून लग्न होऊन आल्या तेव्हा पोरसवदा होत्या. मी चित्र काढलं तेव्हा ऐंशीकडे झुकलेल्या. चित्र हुबेहूब उतरलं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं आणि मला विचारलं, "बेबी, ही डोकरी कोन?"

"तुम्हीच की, माँजी."

"मी इतक्या दूर आलेच न्हाई अजून. मी तर टेसनावर उतरून राह्यले. ऊन कवळं हाये. ती सकाळ माझी सरलीच न्हाई."

मला तेव्हा ते नीट कळलं नाही, पण हात स्वस्थ बसेना. मी दुसरं चित्र काढलं. जालन्याच्या फलाटावर एक मुलगी, डोक्यावर ओढणी, पायाशी पत्र्याची पेटी, आणि इंजिनाचा धूर नारिंगी उन्हात विरघळत चाललेला. शेठजी ते पाहून चिडले. "ही माझी आई न्हाई. लोकायला काय सांगू?" पहिलं चित्र त्यांनी पेढीत लावलं. दुसरं माझ्याकडेच राहिलं आणि आमचं बोलणं थांबलं.

चंदनबाई मात्र रिक्षा करून येत राहिल्या. "थोडी देर बसते," म्हणायच्या आणि चित्रासमोर बसायच्या. चहा निवून जायचा. खोलीतलं ऊन जागचं हलत नसे, असं मला वाटायचं. निघताना त्यांना जिना धरून उतरवावं लागे, पण चेहरा ताजा असे. एका पहाटे त्या झोपेतच गेल्या.

मागच्या वर्षी सुरजमलशेठ स्वतः धापा टाकत माझा जिना चढून आले. "बाई, ते चित्र हाये का अजून?"

मी कापड बाजूला केलं. ते उभे राहिले, मग खालीच बसले. "मी लहान होतो. न्हाऊ घालताना ती अशीच बघायची. पेढीतल्या चित्राला रोज हार घालतो, पण हा चेहराच माझ्यातून निघून गेल्ता." ऐंशी पार केलेला तो माणूस लहान पोरासारखा रडला. मलाही आवरलं नाही. अबोला तिथे संपला.

तेव्हापासून ते अधूनमधून येतात, आईसमोर बसतात. आई आता त्यांच्या नातीपेक्षाही लहान दिसते. एकदा मी विचारलं, "शेठजी, तुमच्या नावे करू?"

"न्हाई बाई. मी पुन्हा हार घालीन. रूपलला द्या."

रूपल ही त्यांची नात. चित्र तिला द्यावं. खाली जन्म-मृत्यूच्या तारखा लिहू नयेत. ते अशा भिंतीवर लावावं, जिथे सकाळचं ऊन पडतं.

४. ईझलवर एक अपुरं चित्र आहे: जांबच्या घराची भिंत आणि विटेच्या तुकड्याने तिच्यावर मोर काढणारी लहानपणची मी. ती दुपार माझ्या सगळ्या नोकरीपेक्षा लांब होती. चित्र काढायला बसले की ती पुन्हा तेवढीच पसरते. तृप्ती म्हणते, "आत्या, जल्दी उरकून टाक ना." मी उरकणार नाही. माझ्या मागेही कुणी ते पुरं करू नये.

सुरजमलशेठना मी काहीच ठेवलं नाही, म्हणून ते साक्षीदार होऊ शकतात, असं वकील म्हणाले. शेठजी हसले, "मंग बराबर हाये."

सहीला बसलो तेव्हा त्यांनी विचारलं, "बाई, तारीख काय आज?" मला आठवेना. त्यांनाही आठवेना. आम्ही दोघं खिडकीकडे बघत बसलो. शेवटी शेजारच्या द्वारकाबाईंनी मोबाइल पाहून सांगितली. यावरून माझ्या शुद्धीबद्दल कुणी शंका घेऊ नये. दुपार फार सुंदर होती.

लिहून देणार: बेबीनंदा रामराव तांगडे (सही)

आमच्या समक्ष सही झाली:
साक्षीदार १: सुरजमल चंपालाल संचेती (सही)
साक्षीदार २: द्वारकाबाई रखमाजी जिगे (सही)

ठिकाण: मस्तगड, जालना
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२५, द्वारकाबाईंच्या सांगण्यावरून