तवर मारुती येतो

अण्णा, तुमच्या नातवानं परवा घरातल्या सगळ्यांना फोनवर फर्मान काढलं. त्याच्या ताईच्या, माझ्या लेकीच्या, लग्नात वाजवायला प्रत्येकानं आपला आवडता गायक आणि त्याचं एक गाणं कळवायचं. सिनेमातलं, कव्वाली, भजन, गझल, काहीही चालेल, फक्त गायक पुरुष पाहिजे. बायकांची गाणी हळदीच्या दिवशी आहेत म्हणे. लातूरच्या आमच्या घरात भराभर उत्तरं आली. तुमच्या जावयांनी तर तीन-तीन गायक कळवले, आणि त्यांना मी इतक्या वर्षांत आंघोळीतसुद्धा गुणगुणताना ऐकलं नाही. राहिले मी एकटी. "आई, तू तर बँडवाल्याची लेक, तुझं सगळ्यात आधी यायला पाहिजे होतं," असं तो म्हणाला आणि मी कणीक मळायचं निमित्त करून उठले. तेव्हापासून तुमच्याशी मनातल्या मनात भांडते आहे. शेवटी म्हटलं, लिहूनच टाकावं.

आवडता गायक म्हटलं की मला आधी नांदेडचा तो रस्ता दिसतो. पुढे क्लॅरिनेट आणि ढोल, मागे बॅटरीवर चालणारा भोंग्याचा गाडा, आणि गाड्यामागे लाल कोटात, माईकला रुमाल गुंडाळून चालणारे तुम्ही. नवरदेवाच्या परण्याची मिरवणूक मारुतीच्या देवळाकडे निघाली की सिनेमातली गाणी, मुसलमान मोहल्ल्यातल्या वरातीत कव्वाली, जयंतीला भीमगीतं, पालखीपुढे अभंग. ज्याचं लग्न, त्याचा गायक. गायकांना तुम्ही नावानं कधी ओळखलंच नाही. मऊ आवाजाचा भावगीतं गाणारा तो 'साय', खर्जात गाणारा तो 'रांजण', कव्वाल म्हणजे 'मिरची', आणि अभंग म्हणणारे बुवा 'जोंधळा', कारण रोज खाल्ला तरी कंटाळा येत नाही. रात्री जेवताना आई विचारायची, आज काय काय गायलात, तर तुम्ही म्हणायचा, "मिरची लई चालली आज, घसा जळून राहिला." मी लहान असताना शेजारच्या रेडिओवर साय गाऊ लागला आणि मी धावत आले, "अण्णा, ह्यो बघा, तुमची नक्कल करून राहिलाय!" तुम्ही ठसका लागेपर्यंत हसलात. मग म्हणालात, "नक्कल मी करतो, बाई. त्यो असली हाय." मला ते पटलं नव्हतं. अजूनही फारसं पटलेलं नाही.

सकाळ आठवते ती स्वयंपाकघरातली. चुलीशेजारच्या फळीवर टेपरेकॉर्डर, आई भाकरी थापते आहे, आणि मी तुम्हाला गुळण्या करायला मीठ घातलेलं कोमट पाणी देते आहे. तेवढं एक काम माझं होतं, दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणी तुम्ही घेत नव्हता. गुळण्या झाल्या की नवीन कॅसेट लावायची, एकेक ओळ थांबवून घोकायची, श्वास कुठं घेतला तेसुद्धा तसंच. दोन कडवी झाली की तुम्ही खटकन बटण दाबायचा. "अण्णा, पुढचं लावा की." "पुढचं कशाला गं? तवर मारुती येतो." खरंच होतं ते. देऊळ यायचं, नाहीतर कुणीतरी नोट हलवत दुसरी फर्माईश घेऊन यायचं. गाणं कधी शेवटापर्यंत गेलंच नाही. मला शेकडो गाणी येतात, अण्णा, पण दोन कडव्यांपर्यंतच. पुढे माझ्याकडे काहीच नाही.

आणि तुमचा स्वतःचा आवाज. बोलताना तो घोगरा, थोडा गंजलेला, पण गाताना त्याचा मागमूस नसायचा. साय गायचा, रांजण गायचा, तुम्ही कुठं असायचा कोण जाणे. मी हट्टच धरला होता, एकदा तुमच्या आवाजात म्हणा. "माझ्या आवाजाला कोण सुपारी देतंय?" म्हणून तुम्ही उठून जायचा. मला दुसरं काही नको होतं. बाकीच्या मुली बापाकडे बांगड्या मागायच्या, मी एक गाणं मागत होते.

ते तुम्ही दिलंत, पण माझ्या पाठवणीला. बँड आपलाच होता. क्लॅरिनेटवाल्या चाचांनी तुम्हाला सकाळीच दम दिला होता, "आज तुम्ही बाप हाव, माईकला हात लावायचा न्हाई." तुम्ही लावलाही नाही. मी जीपमध्ये बसले, बायका गळ्यात पडून रडल्या, चाचांनी पाठवणीचं ते नेहमीचं गाणं वाजवायला घेतलं, सायचं. आणि सासरच्या, मुरुडकडच्या मंडळींचा ड्रायव्हर कुठं पान खायला गेला होता, सापडेना! गाणं संपत आलं तरी जीप जागची हलेना. सगळे अवघडून उभे. तेव्हा तुम्ही गाड्याजवळ गेलात आणि माईक उचललात. पहिलं कडवं सायच्या आवाजात, दुसरंही सायच्याच. ड्रायव्हर अजून आलेला नाही. मी जीपच्या काचेतून बघते आहे, तुम्ही रुमालानं तोंड पुसता, थांबता, आणि तिसरं कडवं सुरू करता. ते सायचं नव्हतं. ज्या आवाजात तुम्ही सकाळी माझ्याकडे पाणी मागायचा, तोच घोगरा आवाज होता. मी रडायची थांबले. मग ड्रायव्हर पळत आला आणि त्या मेल्यानं आधी हॉर्न वाजवला.

व्हिडिओ काढायची आपली ऐपत नव्हती. एक फोटो आहे, त्यात तुमचं तोंड उघडं आहे. नंतर तुम्ही होतात तोवर त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही. मला वाटलं, गाण्यातलंच कडवं आहे, कुठं जातंय? शब्द ध्यानात ठेवायची गरजच काय, कॅसेटमध्ये आहेतच. तुम्ही गेलात तरी मी निर्धास्त होते. उलट ते गाणं कुठं लागलं की दोन कडव्यांनंतर मी बंद करायची, कारण तिसरं मला सायच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. तुमचा आवाज त्याच्याखाली दबून जाईल अशी भीती होती. माझ्या आठवणीत तुम्ही म्हटलेल्या कडव्यातलं एकच उरलं होतं, 'कोमट पाणी'. बाकी सगळं हुंदक्यात वाहून गेलं. एवढ्या मोठ्या गायकाच्या गाण्यात कोमट पाणी कशाला येईल, हा साधा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नाही. एवढी शिकले ती काय उपयोगाची!

काल मी ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं. पोराला कळवायचं तर एकदा पुरतं ऐकावं म्हणून दार लावून बसले. तिसरं कडवं आलं. त्यात नदी आहे, होडी आहे, पैलतीर आहे. कोमट पाणी नाही. मी पुन्हा ऐकलं, नाही. मग नांदेडला चाचांना फोन लावला. त्यांना आता कमी ऐकू येतं, ओरडून विचारावं लागलं. ते म्हणाले, "बेटी, ते त्या गाण्यातलं नव्हतंच. पुढचं तुझ्या बापाला येतंच कुठं व्हतं? तिथंच उभ्या उभ्या जुळवून राहिला व्हता तो. आम्ही नुसता सूर धरून राहिलो." मी विचारलं, शब्द काय होते, चाचा? ते म्हणाले, "आम्ही वाजवून राहिलो व्हतो, लफ्ज कुठं ध्यानात राहतेत? आम्हाला वाटलं, तुला येत असतील. तुझ्यासाठीच व्हते ना ते."

फोन ठेवला आणि मी जमिनीवरच बसून राहिले. तुम्ही गेलात त्या दिवशी इतकं रडले नव्हते. तेव्हा वाटलं होतं, तुमची गाणी तरी जगात आहेत. जे एकच तुमचं होतं ते माझ्याकडे दिलेलं होतं, आणि ते आता कुठेच नाही.

आज सकाळी पोराला उत्तर कळवलं. गायक साय, गाणं पाठवणीचं. सायचं खरं नाव लिहिताना परक्या माणसाचं लिहिल्यासारखं वाटलं. आणि बजावलं, दोन कडव्यांनंतर बंद करायचं. "अगं, पुढचं छान आहे की," तो म्हणाला. मी म्हटलं, कशाला, तवर गाडी निघते.

हे पत्र घडी घालून त्या फोटोमागे ठेवते, दुसरीकडे कुठं पाठवणार? पण तुम्हाला म्हणून सांगते, लेकीच्या गाडीच्या ड्रायव्हरला मी आत्ताच बोलून ठेवलंय. गाणं बंद झालं तरी तुमच्या तिसऱ्या कडव्याएवढा वेळ, मी सांगेपर्यंत, गाडी काढायची नाही.